गोळ्या घेतल्या तर माझी गझल जाईल का?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

आधीच एक सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि आलिम तर नाहीच. इंजिनिअरिंग करून गेली दहा-बारा वर्षं मी सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतोय. संयोजकांनी मला ‘प्रतिभा, वेड आणि जगण्याचा अर्थ’ असा विषय दिला, तेव्हा पहिल्यांदा हसू आलं. पण मी हो म्हणालो, कारण माझ्या फोनमध्ये आठ महिन्यांपूर्वी आलेला एक मेसेज आहे. ज्याने तो पाठवला, त्याची परवानगी घेऊनच आज बोलतोय. नाव सांगणार नाही.

हा मुलगा बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मराठीत गझल लिहितो, आणि चांगली लिहितो. एका छोट्या मैफलीत त्याची ओळख झाली होती. रात्री दोन वाजता त्याचा मेसेज आला. डॉक्टरांनी ‘बायपोलर’ सांगितलंय, गोळ्या लिहून दिल्यात, आणून आठ दिवस झाले, पाकीट अजून उघडलेलं नाही. आणि शेवटी एक प्रश्न : “भाई, गोळ्या घेतल्या तर माझी गझल जाईल का?”

मी त्याला एवढंच लिहिलं की सकाळी आधी डॉक्टरांना फोन कर आणि मग मला कर. पण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. आज जे बोलणार आहे, ते उत्तर शोधताना सापडलेलं आहे.

हा प्रश्न मला परका नव्हता. आमच्या घरात तो पंचवीस वर्षं राहिलाय. माझे मामू, म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ, इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होते. दिवसभर कामगारांच्या हजेऱ्या, सुताचा हिशेब, आणि संध्याकाळी गझल. उर्दूतही लिहायचे, मराठीतही. सांगली, मिरज, कोल्हापूर भागातल्या मुशायऱ्यांत त्यांना बोलावणं असायचं. मी लहान असताना मला वाटायचं, आमच्या घराण्यात एकच मोठा माणूस आहे आणि तो म्हणजे मामू.

मग एका पावसाळ्यात मामूंची झोप गेली. तीन-तीन रात्री जागे. एका रात्रीत चाळीस पानं लिहायचे. उधारीवर हार्मोनियम आणली, शेजारच्या पाच मुलांना सायकली घेऊन देण्याचं वचन दिलं, आणि मालकाला जाऊन सांगितलं की तुझा कारखाना मी विकत घेणार आहे. सुरुवातीला सगळे खूश होते. मुशायऱ्यातली मित्रमंडळी म्हणायची, “वा, आता खरा शायर झाला!” दोन महिन्यांनी तेच मामू भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आंघोळ नाही, बोलणं नाही. नानी चमच्याने भात भरवायची.

घरात जे झालं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगायला नको. कोणी म्हणालं नजर लागली. कोणी म्हणालं करणी, कोणी असर. अकरा जुमेरात दर्ग्यात नेलं. पाणी फुंकून आणलं. सव्वा वर्षाने एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी लिथियम सुरू केलं, आणि काही महिन्यांत मामू परत कामावर गेले.

गोष्ट इथे संपत नाही. बरे झालेले मामू मुशायऱ्यात गेले तेव्हा दोस्त म्हणाले, “गोळ्यांनी धार गेली रे तुझी.” मामूंना ते लागलं. कोणाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. पुढचे चाळीस दिवस हॉस्पिटलमध्ये गेले, नोकरी गेली, आणि मामी दोन लहान मुलांना घेऊन माहेरी निघून गेल्या.

तर दोस्तहो, ‘शायर म्हणजे थोडा वेडा असायचाच’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आमच्या घराने त्या वाक्याची किंमत मोजली आहे.

ही कल्पना जुनी आहे. आपल्या भाषांतच बघा. ‘मजनून’ हा शब्द ज्या धातूतून येतो, त्याच धातूतून ‘जिन्न’ येतो. मजनून म्हणजे ज्याला जिन्नाने धरलंय असा. जाहिलियतच्या काळातले अरब मानत की शायराच्या कानात जिन्न येऊन शेर सांगतो. मक्केच्या लोकांनी प्रेषितांना हिणवताना हेच दोन शब्द वापरले होते, शायर आणि मजनून, आणि कुरआनने ते ठामपणे नाकारले. म्हणजे वेड आणि कविता यांची गाठ घालणं हा आपला दीनी विचार नाही. ती त्याच्याही आधीची समजूत आहे. पण उर्दू शायरीत दीवानगीला इतकं सजवलं गेलंय की आपल्याला ती समजूतच खरी वाटते.

आता खरी माणसं घेऊ. तरुणांना दोन नावं फार आवडतात. मजाज आणि मंटो.

असरारुल हक मजाज. जन्म १९११, बाराबंकीजवळचं रुदौली. अलीगढमध्ये शिकला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा तराना म्हणून जे गायलं जातं, ते त्याच्याच नज्मेतून घेतलेलं आहे. ‘आहंग’ हा त्याचा पहिला संग्रह १९३८ साली आला. मुलींच्या वसतिगृहात त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या निघायच्या अशा आख्यायिका आहेत. १९४० च्या सुमारास त्याला मानसिक आजाराचा पहिला झटका आला, १९४५ च्या सुमारास दुसरा. १९५२ साली तिसरा आला तेव्हा त्याला रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. त्याच वर्षी बंगालीतले महान कवी काझी नझरुल इस्लाम यांनाही उपचारासाठी रांचीला नेलं होतं. नझरुल यांची वाचा १९४२ मध्येच गेली होती. पुढे व्हिएन्नात डॉक्टरांनी निदान केलं की हा मेंदूचाच आजार आहे. नझरुल १९७६ पर्यंत जगले. म्हणजे चौतीस वर्षं. या चौतीस वर्षांत त्यांनी काही लिहिलं नाही.

मजाज रांचीहून बराच सावरून परत आला. पण पुढे घरातले मृत्यू, दारू, आणि सोबतीला असणारे दोस्त. डिसेंबर १९५५ मध्ये लखनऊच्या थंडीत एका दारूच्या गुत्त्याच्या गच्चीवर त्याचे दोस्त त्याला रात्री सोडून निघून गेले. सकाळी तो बेशुद्ध सापडला आणि हॉस्पिटलमध्ये गेला. वय ४४.

मजाजच्या ज्या नज्मा आज आपण वाचतो, ‘आवारा’, ‘रात और रेल’, ‘नज्र-ए-अलीगढ’, त्या सगळ्या १९४० च्या आधीच्या आहेत. आजारपण वाढत गेलं तसं लिखाण आटत गेलं. म्हणजे वेडाने मजाजला शायर केलं नाही. शायर होता तो आधीच, आणि आजाराने त्याची शायरी खाल्ली. आणि ज्या दोस्तांनी त्याच्या दीवानगीवर टाळ्या वाजवल्या, त्यांच्यातल्याच काहींनी त्याला त्या गच्चीवर सोडलं.

मंटोचं प्रकरण जरा अवघड आहे, ते टाळणार नाही. सआदत हसन मंटो १९३६ पासून मधली दिल्लीतली थोडी वर्षं सोडली, तर १९४८ पर्यंत आपल्या मुंबईत होता. भायखळ्यात राहायचा, फिल्मिस्तान आणि बॉम्बे टॉकीजमध्ये काम करायचा. जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेला आणि १८ जानेवारी १९५५ ला यकृताच्या आजाराने गेला. वय ४२. तीन मुली मागे राहिल्या. अश्लीलतेचे खटले त्याच्यावर सहा वेळा झाले, तीन फाळणीआधी आणि तीन नंतर. दारू सुटावी म्हणून घरच्यांनी त्याला लाहोरच्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. आणि ‘टोबा टेक सिंह’ ही गोष्ट लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातच घडते.

मग कोणी म्हणेल, बघा, तिथे गेला नसता तर ती गोष्ट झाली असती का? कदाचित नसती झाली. पण त्या इस्पितळात शेकडो माणसं होती. त्यांच्यातल्या एकानेच ती लिहिली. फाळणीचं वेड इस्पितळाच्या भिंतीबाहेर आहे हे ओळखणारी नजर त्याने मुंबईत वर्षानुवर्षं काम करून कमावली होती. शेवटच्या वर्षांतही तो भरपूर लिहीत होता, हेही खरं. रोजच्या बाटलीसाठी आणि घरखर्चासाठी लिहायचा. पण वयाच्या पन्नाशीतला, साठीतला मंटो काय लिहिणार होता, ते आपल्याला कधीच वाचता येणार नाही. ते नुकसान मोजायचं आपण विसरतो, कारण न लिहिलेलं पुस्तक कपाटात दिसत नाही.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे, ‘सर्व्हायव्हरशिप बायस’. जे टिकलं तेवढंच मोजायचं, जे बुडालं ते मोजायचंच नाही. आपल्याला आजारी असलेला मंटो माहीत आहे. आजारामुळे एक ओळही न लिहिता संपलेले हजारो जण माहीत नाहीत. आणि ठणठणीत तब्येतीने, रोज सकाळी ठरलेल्या वेळी बसून लिहिणाऱ्या लेखकांवर कोणी सिनेमा काढत नाही.

सिनेमावरून जॉन नॅश आठवला. ‘अ ब्यूटिफुल माइंड’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. नॅशने ज्या कामासाठी १९९४ मध्ये नोबेल मिळवलं, ते त्याने १९५० च्या आसपास केलं, विशीत. सिझोफ्रेनिया उघड झाला तो १९५९ मध्ये. म्हणजे आधी काम, मग आजार, आणि मग जवळजवळ तीन दशकं हरवलेली. सिनेमात तो शेवटपर्यंत औषधं घेतो असं दाखवलंय. प्रत्यक्षात त्याने १९७० नंतर घेतली नाहीत आणि तरी तो हळूहळू सावरला. हे लपवायचं कारण नाही. पण तो सावरला तेव्हा त्याच्याभोवती काय होतं? घटस्फोट झालेला असूनही ॲलिशियाने त्याला घरात जागा दिली होती. प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला आवारात फिरू दिलं, ग्रंथालयात बसू दिलं, कोणी हाकललं नाही. एकाच्या नशिबाला आलं म्हणून ते औषधाचं पर्यायी वेळापत्रक होत नाही. पण माणूस सावरायला घर आणि माणसं लागतात, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आता संशोधन काय म्हणतं? १९८७ साली अमेरिकेत नॅन्सी अँड्रिअसन यांनी आयोवाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेतल्या ३० लेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८० टक्के लेखकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य किंवा बायपोलरसारखा आजार झाला होता. तुलनेसाठी घेतलेल्या इतर ३० जणांत हे प्रमाण ३० टक्के होतं. हा आकडा आजही फिरतो. पण नमुना छोटा होता आणि मुलाखती घेणाऱ्या बाईंना समोरचा लेखक आहे की नाही हे माहीत होतं. पुढे स्वीडनमध्ये सायमन क्यागा आणि सहकाऱ्यांनी लाखो रुग्णांच्या सरकारी नोंदी तपासल्या. त्यात काय दिसलं? कलावंत आणि शास्त्रज्ञ यांच्यात एकंदरीत मानसिक आजाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नाही. बायपोलर मात्र जास्त आढळला. लेखकांमध्ये काही आजार जास्त आढळले, हेही खरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्या रुग्णांचे निरोगी नातेवाईक, भाऊ-बहिणी, सर्जनशील पेशांत जास्त दिसले.

याचा एक अर्थ असा लावता येतो की कुटुंबात जे काही वेगळं वाहतं, त्याचा थोडा अंश कल्पनेला मदत करत असेल. पूर्ण आजार मदत करत नाही. मुलाच्या प्रश्नासाठी एवढं पुरेसं होतं. तरी मला आकड्यांपेक्षा जवळचं काहीतरी हवं होतं. म्हणून मी मामूंकडे गेलो.

मामू आता साठीच्या पुढे आहेत. गोळ्या चालू आहेत. मामी परत आल्या, मुलं मोठी झाली. मी त्यांना तो मेसेज वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि पेटीतून वह्या काढल्या. एकोणीस शंभरपानी वह्या. दिवाणजीची सवय, प्रत्येक पानावर तारीख. म्हणाले, “तू इंजिनिअर आहेस ना? बघ हिशेब करून.”

मी हिशेब केला. एका रकान्यात वह्यांमधल्या तारखा, दुसऱ्यात डॉक्टरांच्या फायलीतल्या. ज्या गझला मुशायऱ्यात वाचण्यालायक आहेत असं त्यांना स्वतःला वाटतं, त्यांवर त्यांना खूण करायला सांगितली. ५२ निघाल्या. ५२ पैकी ४७ गझला तब्येत सरळ असलेल्या महिन्यांतल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक गोळ्या सुरू झाल्यानंतरच्या. पाच गझलांचा मतला जागरणाच्या रात्रींतला होता, पण त्या पूर्ण झाल्या कित्येक महिन्यांनी, शांतपणे, खाडाखोड करून. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या काळातलं एकही पान नव्हतं. आणि ती प्रसिद्ध चाळीस पानं? ती मी पहिल्यांदा पाहिली. एकच ओळ, थोडीफार बदलून, पानामागून पानं. पुढे पुढे अक्षरही लागत नाही.

हा काही वैज्ञानिक अभ्यास नाही. एका माणसाचा हिशेब आहे. पण मामूंनी तो कागद बघितला आणि म्हणाले, “पंचवीस वर्षं मला वाटत होतं, की चांगलं जे होतं ते त्या रात्रींनी दिलं होतं.”

मी विचारलं, “मामू, मग गोळ्यांनी काहीच गेलं नाही का?”

ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, “गेलं ना. पहिले पाच-सहा महिने काही सुचायचं नाही. हात थरथरायचा, सारखी तहान लागायची. आणि त्या रात्री मला सगळं समजल्यासारखं वाटायचं, तसं परत कधी वाटलं नाही. त्याची आठवण येते. पण बेटा, सगळं समजल्यासारखं वाटणं वेगळं आणि समजणं वेगळं.”

थरथरीचं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मात्रा बदलली गेली. पहिल्या वेळी सांगितलंच नव्हतं, सरळ बंद केलं. दोस्तहो, इथे एक व्यवहाराची गोष्ट. या औषधांचा त्रास होऊ शकतो. लिथियमसारख्या औषधाला तर नियमित रक्त तपासावं लागतं. त्रास झाला तर डॉक्टरांशी भांडा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मात्रा बदलून मागा. स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका.

मुलाने नंतर दुसरा प्रश्न विचारला होता, तो मला जास्त कठीण वाटतो. तो म्हणाला, “या दुखण्यामुळेच मी जगण्याचा अर्थ शोधायला लागलो. दुखणं गेलं तर अर्थ उरेल का?”

इथे मला इमाम गझाली आठवतात. १०९१ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख शिक्षकाची जागा मिळाली. त्या काळी ज्ञानाच्या जगात याहून मोठी खुर्ची नव्हती. १०९५ मध्ये त्यांची वाचा गेली. वर्गात बोलायला जावं आणि जीभ हलू नये. अन्न जाईना, पचेना. हकीम म्हणाले, हे दुखणं काळजातलं आहे, आमच्या औषधाचं नाही. हे सगळं गझालींनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास बसत नव्हता, आणि त्या अवस्थेला ते सरळ आजार म्हणतात. इस्लामच्या इतिहासातला एवढा मोठा आलिम हे लिहायला लाजत नाही.

मी नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करणार नाही. पण त्यांनी काय केलं ते बघा. कुटुंबापुरती सोय ठेवली, बाकीची संपत्ती वाटली आणि बगदाद सोडलं. दमास्कस, जेरुसलेम, मग हज. नंतरची वर्षं एकांतात. त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ, ‘इह्या उलूम अद्-दीन’, या बगदाद सोडल्यानंतरच्या वर्षांत तयार झाला. ११०६ मध्ये ते निशापूरला परत शिकवू लागले, आणि ११११ मध्ये आपल्या गावी, तूसमध्ये वारले.

वाचा गेलेल्या महिन्यांत ग्रंथ झाला नाही. त्या महिन्यांत प्रश्न मिळाला. उत्तर लिहायला पुढे वर्षांची शांत मेहनत लागली. मामूंच्या पाच मतल्यांसारखंच झालं हे. म्हणून मी त्या मुलाला सांगितलं की दुखण्याने तुला प्रश्न दिला असेल, त्याचे आभार मान. पण उत्तर शोधायला तुला झोप लागेल, जेवण लागेल आणि चाळीस वर्षं लागतील. ती चाळीस वर्षं वाचवायला गोळ्या आहेत.

प्रश्न आणि आजार यांत फरक कसा करायचा? झोप, जेवण, काम आणि माणसं या चार गोष्टी बघा. दोन आठवडे यांतलं बरंच काही मोडलेलं असेल, तर ‘मी विचारी आहे’ असं म्हणत बसू नका. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. मी स्वतः एकोणतिसाव्या वर्षी हे चार महिने लांबवलं होतं. घरी सांगायचो की कामाचा ताण आहे. मामूंचं सगळं बघून मोठा झालेला मी, तरी लाजलो. तेव्हा हे किती अवघड आहे ते मला माहीत आहे.

काहीजण म्हणतील, हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे, इमान पक्कं असेल तर नैराश्य येत नाही. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण असं बोलणाऱ्याला आपलाच इतिहास माहीत नसतो. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्ख शहरातल्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात राग, भीती, दुःख आणि वसवसा, म्हणजे पाठ न सोडणारे विचार, यांची वेगवेगळी चर्चा आहे. कारण माहीत असलेलं दुःख आणि विनाकारण येणारं दुःख यांत त्यांनी फरक केला आहे. ११५४ मध्ये दमास्कसला नूरी बिमारिस्तान उभं राहिलं, १२८४ मध्ये कैरोला कलावून बिमारिस्तान, आणि अशा इस्पितळांत मनोरुग्णांसाठी जागा असायची. तुर्कस्तानात एदिर्ने इथे १४८८ मध्ये सुलतान बायजीदने बांधलेल्या इस्पितळात रुग्णांना संगीत ऐकवायचे. ते आज संग्रहालय आहे. आजार असेल तर उपचार करा, हे तर प्रेषितांनीच शिकवलंय. मुलगा गमावल्यावर रडून रडून याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे गेले, हे कुरआन सांगतं. कोणाची हिंमत आहे त्यांचं इमान कच्चं होतं म्हणायची? आणि वेड्या माणसाची करणी त्याच्या नावावर लिहिली जात नाही, तो बरा होईपर्यंत कलम उचललेली असते, हा आपल्या फिकहचा मान्य नियम आहे. अल्लाह ज्याच्यावर आरोप ठेवत नाही, त्याच्यावर मोहल्ला कोणत्या अधिकाराने ठेवतो?

आणि आज आपण कुठे आहोत? ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात पहाटे आग लागली. २८ मनोरुग्ण मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे अनेकांना पळता आलं नाही. कैरोच्या बिमारिस्तानपासून एरवाडीच्या साखळीपर्यंत आपण घसरलो, हे मान्य करू या. पण गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा प्रयोग झाला. तिथे मुजावरांनाच आजार ओळखायचं प्रशिक्षण दिलं, दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि सांगतो, आता त्या खोलीत जाऊन दवा घे. मला हे फार आवडतं. माझ्या नानीला कोणी हे सांगितलं असतं, तर मामूंचं सव्वा वर्ष वाचलं असतं. दुआ सोडायला तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणखी एक बाजू आहे. प्रत्येक दुःख मेंदूतल्या रसायनाचं नसतं. नाव ऐकून खोली नाकारली जाते, मुलाखतीत आडनावावर थांबलं जातं, फोनवर रोज आपल्याबद्दल विष वाचावं लागतं. यावर गोळी हे उत्तर नाही. त्यासाठी ही चळवळ आहे, कायदा आहे, एकमेकांची सोबत आहे. पण बाहेर अन्याय आहे म्हणून आतल्या आजारावर उपचार करायचा नाही, हेही चुकीचं आहे. लढायलाही झोप लागते.

कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, साखळीने बांधायला बंदी घातली आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं सांगितलं आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा सिनेमा घरच्यांसोबत बघा. आजारी माणसाच्या बहिणीवर काय गुजरतं ते त्यात आहे. आणि मैफलीत एखादा दोस्त तीन रात्री झोपलेला नसेल, तर त्याच्या शेरावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. त्याला घरी सोडा, आणि त्याच्या घरच्यांना सांगा.

त्या मुलाचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्याने गोळ्या सुरू केल्या. दोन महिने एक ओळ सुचली नाही, आणि रोज मला शिव्या घातल्या. मी त्याला मामूंकडे इचलकरंजीला पाठवलं. मामूंनी त्याला वह्या दाखवल्या आणि म्हणाले, “अजून चार महिने थांब. मी पण थांबलो होतो.” तिसऱ्या महिन्यात त्याने मला एक शेर पाठवला. वाईट होता. मी त्याला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तो दुरुस्त करून पाठवला. तोही फारसा बरा नव्हता. गेल्या महिन्यात त्याची पूर्ण गझल आली. ती कशी आहे ते मी सांगणार नाही, कारण तो आज इथेच बसलाय आणि संध्याकाळी स्वतः वाचणार आहे.